निंबा आप्पाचे दोन हीटर

दुकानात आलेलं गिऱ्हाईक तीन गोष्टी विचारतं. केवढ्याला, गॅरंटी किती आणि कमी किती करणार. नवापुरात इतकी वर्षं इलेक्ट्रिकचं दुकान चालवल्यावर या तिन्हींची उत्तरं मी झोपेतही देऊ शकतो. आमचे शेजारी निंबा आप्पा मात्र यांतलं काहीच विचारत नाहीत. ते वस्तू हातात घेतात, उलटी करतात, कानाजवळ नेऊन हलवतात आणि शांतपणे म्हणतात, "बिघडना त कसा बिघडस?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी छताचा पंखा दाखवत होतो. म्हटलं, "आप्पा, पंखा बिघडला की बंद पडतो. आणखी काय होणार?"

"बंद पडस, का आंगवर पडस?"

दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. त्यांतल्या दोघांनी आपापले पंखे खाली ठेवले.

आप्पांचं म्हणणं असं, की चालणारी वस्तू सगळ्यांचीच चालते, त्यात वस्तूची काही अक्कल नाही. वस्तूची खरी जात ती बिघडते तेव्हा कळते. काही वस्तू गुपचूप मरतात. काही मरताना चार जणांना घेऊन मरतात. आपण गुपचूप मरणारी घ्यावी.

हा नियम ते फक्त विजेच्या सामानाला लावत असते तरी मी सोसलं असतं. त्यांच्या पुतणीला मुलगा पाहायला गेले, तिथे मीही होतो. मुलगा चांगला, नोकरी चांगली, सुपारीचंही व्यसन नाही. सगळे चहा घेऊन समाधानाने बसले असताना आप्पा म्हणाले, "पोऱ्या बेस शे. पन बिघडना त कसा बिघडस?" मुलाचा मामा ताडकन उभा राहिला. पण मुलाने थोडा विचार केला आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "राग आला की मी दोन दिवस बोलत नाही." आप्पांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पक्कं करा." संसार उत्तम चालला आहे. मुलगा अधूनमधून दोन दिवस बोलत नाही.

तर असे आप्पा. त्यांच्याविषयी माझ्या मनात राग आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की दिलीपभाऊने गोड गोड लिहिलं.

राग सुरू झाला विसरवाडीच्या एका हॉटेलापासून. मी मूळचा विसरवाडीचाच. हायवेवर एका शेडात जळालेल्या विजेच्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं काम शिकलो, बोटांना तांब्याच्या तारेचे चरे पडले, आणि तिथून स्वतःच्या हिमतीवर नवापूरच्या दुकानापर्यंत आलो. त्यामुळे विसरवाडीत कुठली वस्तू निघणार आहे हे मला आधी कळतं. रस्ता रुंद होणार म्हणून ते हॉटेल बंद होत होतं आणि त्याच्या दर्शनी भागात माशांची सहा फुटी काचेची टाकी होती. जाड काच, लोखंडी स्टँड, वर लाकडी झाकण. माझ्या दुकानात ठेवली असती तर रस्त्यावरून जाणारा प्रत्येक माणूस आत डोकावला असता.

मी तीन महिने भाव पाडत होतो. घाईत सौदा करणारा माणूस मला माणूसच वाटत नाही. आज गेलो की काचेवरचा ओरखडा दाखवायचा, पुढच्या आठवड्यात स्टँडचा गंज दाखवायचा. मालक थकत आला होता. माझी एक अटही होती, की आतला मासा त्याने काढून घ्यावा, मला फक्त काच हवी. मालक म्हणाला, "ठीक आहे, मासा नदीत सोडून देतो."

त्याच वेळी नेमके आप्पा तिथे बसची वाट पाहत चहा पीत होते. त्यांनी मालकाला एकच विचारलं, "नदीमा हाऊ जगी का?" मालक म्हणाला, "हा बाहेरच्या देशाचा मासा, आप्पा. थंडीत कसला जगतो." आप्पांनी मालकाने सांगितला तो भाव, एक अक्षर न बोलता, कबूल केला. एका मिनिटात! माझे तीन महिने त्या चहाच्या कपात बुडाले. संध्याकाळी टेम्पोत काचेची टाकी, निळ्या ड्रममध्ये मासा आणि ड्रमला मिठी मारून बसलेले आप्पा, अशी वरात माझ्याच दुकानासमोरून गेली.

मासा ऑस्कर जातीचा. वीतभराहून मोठा, काळपट अंग, त्यावर निखाऱ्यासारखे नारिंगी पट्टे आणि चेहरा कायम नाराज. सोबतीला आप्पांनी नंदुरबारहून छोटे मासे आणले, ते त्याने चार दिवसांत खाल्ले. आप्पांनी त्याचं नाव 'मॅनेजर' ठेवलं. "काम काही करत नही, निस्ता मन्हाकडे दखत ऱ्हास," असं त्यांचं स्पष्टीकरण होतं.

हे नाव कुठून आलं हे कळायला आप्पांची नोकरी माहीत हवी. नवापूरच्या आसपास कोंबड्यांच्या शेडा पुष्कळ आहेत. आप्पा शहाद्याकडचे, पण तरुणपणी इकडे आले आणि एका पोल्ट्रीत तीस वर्षं पिल्लांना ऊब द्यायचं काम केलं. अंड्यातून निघालेलं एका दिवसाचं पिल्लू खोक्यातून येतं. त्याला आई नसते. पहिले दोन आठवडे दिव्यांनी आणि गॅसच्या शेगड्यांनी शेड तापवावी लागते. ऊब कमी झाली तर पिल्लं मरतात, जास्त झाली तरी मरतात. या कामात आप्पांचा हात धरणारा माणूस तालुक्यात नव्हता, आणि ते थर्मामीटर वापरत नसत.

"थर्मामीटर माणूस सोतानी उंचीवर टांगस," ते सांगायचे. "पिल्लू ऱ्हास जमीनवर. काच खोटं बोलस. पिल्लू खोटं बोलत नही."

ते दारातून फक्त एक नजर टाकत. पिल्लं शेगडीखाली गोळा झाली असतील तर थंडी आहे. शेगडीपासून पळून कडेला गेली असतील तर गरम होतंय. सांडलेल्या ज्वारीसारखी सगळीकडे सारखी पसरली असतील तर बरोबर आहे. पोल्ट्रीचा खराखुरा मॅनेजर केबिनमध्ये बसून काचेचे आकडे लिहून घेई आणि आप्पा पिल्लं पाहून शेगडीची चावी फिरवत.

आता टाकी घरी आली दिवाळीनंतर, आणि आमच्याकडे पौषात थंडी चांगली पडते. ऑस्करला पाणी पंचवीस-सव्वीस डिग्री लागतं. हॉटेलवाल्याचा हीटर कधीच मेलेला. तेव्हा आप्पा माझ्या दुकानाची पायरी चढले.

मी मनात म्हटलं, आता सापडलात.

पहिला हीटर मी काचेच्या नळीचा दाखवला. आप्पांनी तो कानाशी हलवला आणि त्यांचा प्रश्न विचारला. मी मोटारी भरलेला माणूस, खोटं बोलता येईना. म्हटलं, "आत पट्टी असते. पाणी तापलं की पॉइंट सुटतात, हीटर बंद होतो. जुना झाला की कधी कधी पॉइंट चिकटतात."

"म्हंजे चालूच ऱ्हास?"

"हो."

"मासा उकळस?"

"होऊ शकतं."

आप्पांनी हीटर माझ्या हातात दोन बोटांनी ठेवला, मेलेला उंदीर ठेवावा तसा.

दुसरा स्टीलचा होता, त्याची पाणी मोजणारी वायर वेगळी, रबराच्या चकतीने काचेला चिकटवायची. मी खूश होतो. आप्पा म्हणाले, "चकती सुटनी, वायर पाणीबाहेर लटकनी, त?" बाहेर लटकलेल्या वायरला थंड हवा लागणार, ती समजणार पाणी थंड आहे, आणि हीटर तापत राहणार. एवढा विचार बनवणाऱ्यानेही केला नसेल. तिसरा जाडजूड, मोठ्या ताकदीचा, एकटाच सहा फूट टाकी तापवणारा. तो आप्पांनी हातातही घेतला नाही. "एकलाना हातमा सगळी टाकी? हाऊ येडा व्हयना त?"

हे असं महिनाभर चाललं. रोज अकराला आप्पा येत, स्टुलावर बसत आणि माझा माल कसा कसा मरू शकतो यावर गिऱ्हाइकांसमोर चर्चा करत. माझं डोकं लवकर तापतं हे गावाला माहीत आहे. एकदा मी ओरडलो, "आप्पा, मासा आहे तो! जावई नाही!"

"जावई दार उघडीसन बाहेर जाई सकस," आप्पा म्हणाले.

त्यांच्या बायकोला आम्ही सगळे जिजी म्हणतो. तिने एकदा मला रस्त्यात थांबवून सांगितलं, "दिलीपभाऊ, एकदाना देई टाक त्यास्ले हीटर. मन्हं आंघोयनं पाणी गरम शे का थंडं, चाळीस वरीसमा इचारं नही यास्नी. मासानं पाणी दिनमा धा डाव दखतस."

शेवटी मी सुरतेला गेलो. सकाळची गाडी पकडली, माशांच्या सामानाचा मोठा व्यापारी शोधला, आणि तिथे माझी अब्रू गेली. व्यापाऱ्याने चांगला माल काढून ठेवला आणि विचारलं, "केटला लीटर?" मी लीटर सांगायचं सोडून, माझ्याही नकळत, म्हणालो, "बगडे तो केवी रीते बगडे?"

घेण्याआधीच बिघडवायची गोष्ट काढणारं गिऱ्हाईक त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. "भाई, लेवा पहेलां ज बगाडवानी वात?"

पण माणूस जाणकार निघाला. त्याने चहा मागवला आणि नीट समजावलं. मोठ्या टाकीला एक मोठा हीटर नको, दोन छोटे घ्या. एकाचे पॉइंट चिकटले तरी त्या एकट्याची ताकद इतकी नसते की एवढं पाणी उकळेल. एक मेला तर दुसरा निदान मासा जगवतो. मोठा मासा काचेवर शेपूट मारून नळी फोडतो, म्हणून वरून जाळी लावा. पाणी बदलताना आधी बटण बंद करा, हीटर गार होऊ द्या, मगच हात घाला. आणि थंड पाणी एकदम तापवू नका, दोन-दोन तासांनी एकेक डिग्री चढवा. मी दोन हीटर, दोन जाळ्या घेतल्या. तासभर घासाघीस केली, हेही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल की मी आप्पांसारखा झालो.

आप्पांनी सगळं ऐकलं. दोन्ही हीटर हलवून पाहिले. मग म्हणाले, "आते तू शहाना व्हयना."

खरं सांगतो, मला मेडल मिळाल्यासारखं वाटलं. मी स्वतः घरी जाऊन हीटर बसवले. टाकी पुढच्या खोलीत भिंतीला लागून होती. उजव्या टोकाला बोर्ड आणि पाणी फिरवणारा फिल्टर, म्हणून हीटरही तिथेच लावले. डाव्या टोकाला खिडकीजवळ आप्पांचं स्टूल. दोन्ही हीटरचा आकडा सव्वीसवर लावून दिला.

पंधरा दिवसांनी, भर बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, आप्पा आले. काखेत पंचा. पंचात दोन हीटर. त्यांनी ते माझ्या काउंटरवर ठेवले आणि आख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुन्हा हीटर मन्हा मॅनेजरले उकाळी ऱ्हायना!"

एक बाई इस्त्री घेत होती, तिने ती परत खोक्यात घातली.

"आप्पा, काय बोलताय?"

"सव्वीसना पंचवीस कया. चोवीस कया. रोज एक कमी करं. आते शेवटना आकडावर शे, वीसवर, तरी उकाळस. दोन्हीना पॉइंट चिकटनात. तू माले चिकटेल माल दिधा."

सुरतेची खेप, तासाची घासाघीस, त्याआधीचा तो टाकीचा घाव, सगळं एकदम डोक्यात चढलं. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग बादली मागवली, पाणी भरलं, दोन्ही हीटर आत सोडले, थर्मामीटर घातला आणि सगळ्या गिऱ्हाइकांना उभं करून ठेवलं. आकडा सव्वीसवर. पाणी सव्वीस झालं, आणि दोन्हींचे लाल दिवे एकापाठोपाठ विझले. लोकांनी माना डोलावल्या. इस्त्रीवाल्या बाईने इस्त्री पुन्हा बाहेर काढली.

"बघा!" मी म्हटलं.

आप्पांनी बादलीत वाकून पाहिलं. "बादलीमा मासा शे का?"

"नाही."

"मंग बादली काय सांगी? मासाले इचार."

मी शटर अर्धं ओढलं, कामाला असलेल्या पोरींच्या भरवशावर दुकान टाकलं, दोन्ही हीटर उचलले आणि आप्पांना घेऊन त्यांच्या घरी निघालो. माशालाच विचारायचं होतं ना! वाटेत डेअरीवाल्याकडून दुधाचा थर्मामीटर मागून घेतला. माझ्याकडे दुकानातले दोन होतेच. तीन साक्षीदार असले की आप्पा काय बोलतात ते पाहू. वाटेतच मी आप्पांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली. माझा हीटर खरा निघाला, की आप्पांनी पुढच्या बाजारी त्याच दुकानात, तितक्याच मोठ्याने, तसं सांगायचं.

टाकी पाहिली आणि माझी चाल जरा मंदावली. मॅनेजर डाव्या टोकाला, स्टुलाजवळच्या कोपऱ्यात, तळाशी कलंडून पडला होता. नारिंगी पट्टे विझल्यासारखे. कल्ले तेवढे हलत होते. जिजी म्हणाली, चार दिवसांपासून त्याने काही खाल्लं नाही.

"दख," आप्पा हळू आवाजात म्हणाले. "हीटर त्या टोकले. हाऊ या टोकले. रोज असाच. मी सकायमा आठे बठस, दखस, त हाऊ हीटरपाईन पयीसन आठे येल शे."

आप्पांचा हिशेब सरळ होता, पिल्लू शेगडीपासून पळतं तसा मासा हीटरपासून पळून इथे आलाय. मी तिन्ही थर्मामीटर पाण्यात सोडले. थोड्या वेळाने बाहेर काढले. तिन्हींत एकोणीस.

"आप्पा, पाणी गार पडलंय. मासा थंडीने मरतोय."

"तीन खोटारडा एक व्हयनात."

"हात घालून बघा!"

"घाला व्हता. कोमट लागस."

आता आमच्याकडे पौषातल्या सकाळी बोअरचं पाणीही कोमट लागतं, हे लहान पोराला माहीत आहे. हवाच इतकी गार असते. मी ते ओरडून सांगणार होतो. पण आप्पा माझ्याकडे बघतच नव्हते. काचेला चिकटलेल्या त्या माशाकडे बघत होते.

"एक डाव," ते म्हणाले, "शेडमा गॅसनी चावी अडकनी. मी सकायमा दार उघाडं. सगळा पिल्लं भितले चिकटेल. शेगडीपाईन जितलं लांब जाता ई तितलं लांब. एकवर एक. एक बी जित्तं नही." मग माशाकडे बोट करून म्हणाले, "अशेच. कोपरामा."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांच्या त्या प्रश्नावर मी अख्ख्या बाजाराला हसवलं होतं.

अशा वेळी मी काम काढतो. म्हटलं, "आप्पा, भांडण नंतर. मी हीटर लावतो, आकडा एकवीसवर ठेवतो, मग हळूहळू चढवू. तुम्ही तिकडे बोर्डापाशी उभे राहा. मी सांगेन तेव्हा बटण दाबा."

आप्पा उठले, टाकीच्या कडेकडेने उजव्या टोकाला गेले. मी हीटरच्या वायरी सोडवत होतो. तेवढ्यात पाणी हललं.

चार दिवस तळाशी कलंडलेला मॅनेजर सरळ झाला. एका बाजूला झुकत, मधेच टेकत, पुन्हा उठत, तो सहा फूट टाकी पार करून उजव्या टोकाला आला. आप्पांच्या समोर. आणि तिथे तळाशी बसला.

"अरे," आप्पा म्हणाले. "हीटर त अजून लायाच नही."

मी मान वर केली. आप्पा पुन्हा स्टुलाकडे गेले. मासा बराच वेळ पडून राहिला. मग उठला, आणि आला. तसाच झुकत, टेकत.

आप्पा तिथेच उभे राहिले. दारात जिजी गहू निवडायचं ताट घेऊन उभी होती.

"तो त तुम्हना मांगे मांगे फिरस," जिजी म्हणाली. "पयला दिनपाईन फिरस. तुम्ही बाजारले जातस त दारकडला काचले तोंड लाईसन बठस. माले वाटनं तुम्हले ठाऊक शे."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. पंख्यापासून जावयापर्यंत जगातली प्रत्येक गोष्ट कशी बिघडते हे ज्याला ठाऊक, त्याच्या डोक्यात ही एक शक्यता कधी आलीच नव्हती.

"मी शेडमा शिरनू का पिल्लं पयेत," ते म्हणाले. "तीस वरीस पयनात. माले दखीसन."

पिल्लं त्यांना पाहून पळायची, पण मासा त्यांच्यापासून नाही आणि हीटरपासूनही पळाला नव्हता. तो आप्पांकडे येत होता. आप्पा सकाळी स्टुलावर बसत, मासा त्या टोकाला येई, आप्पा म्हणत पाणी तापलं, आणि आकडा एकाने उतरवत. दुसऱ्या दिवशी मासा थोडा अधिक गारठलेला, तरी आलेलाच. आप्पा आणखी एक आकडा उतरवत. आठवडाभर असं चाललं होतं.

मी, ज्याने आयुष्यात जिंकलेला एकही मुद्दा न सांगता सोडलेला नाही, तो जाळ्यांचे स्क्रू आवळू लागलो. मग विचारलं, "हीटर कुठे लावू? फिल्टर त्या टोकाला आहे, पाणी तिथून फिरतं, म्हणजे तिथेच लावायला पाहिजे."

आप्पांनी स्टुलाजवळच्या काचेवर बोट टेकवलं. "आठे लाव."

त्यासाठी फिल्टर उचलून या टोकाला आणावा लागला, बोर्डाला लांब वायर जोडावी लागली. दोन तास गेले. मधेच जिजीने चहा दिला. आकडा एकवीस, मग बावीस. संध्याकाळी घरी निघताना मी आप्पांना बजावलं, की पाणी हळूहळू चढवा आणि माशाकडे बघून चावी फिरवू नका. आप्पांनी मान हलवली. तीनही थर्मामीटर त्यांनी माझ्याकडून ठेवून घेतले.

त्यानंतर आप्पा दुकानात आले नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस. पाचव्या दिवशी माझा जुना राग पुन्हा वर आला. मासा राहिला बाजूला, पण त्या बाजाराच्या दिवशी माझ्या हीटरला चोर ठरवलं त्याचं काय? इस्त्रीवाली बाई सोडली तर त्या दिवशीचं एकही गिऱ्हाईक परत आलं नव्हतं. बाजार दोन दिवसांवर आला होता. सहाव्या दिवशी सकाळी जिजी भाजी घ्यायला निघालेली दिसली. मी तिला थांबवलं.

"जिजी, मॅनेजर कसा आहे?"

"काल एक दाना खाधा. आज दोन."

"मग आप्पा कुठे आहेत? उद्या बाजार आहे, त्यांनी दुकानात यायचं कबूल..."

जिजी पदराने तोंड झाकून हसली. "त्या कोठे येतस. सहा दिन व्हयनात, स्टूल सोडत नहीत. जेवन बी तठेच. मी सांगं, बाजारले जा, दिलीपभाऊले तोंड दखाडा. त म्हनतस, मी उठनू का तो बी उठस. आजारी शे. त्याले कसाले उठाडू?"

मी तसाच त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. आप्पा स्टुलावर, खांद्यावर घोंगडी, मांडीवर अर्धी भाकर. शेजारी काचेमागे मॅनेजर, अजून फिकट, पण सरळ. पायाजवळ तीन थर्मामीटर एका कपात उभे. हीटरचा लाल दिवा पेटला होता. आप्पांनी मला पाहिलं, उठायला गेले, आणि अर्ध्यातच थांबले. मासा हलला होता. ते परत बसले. माझ्याकडे बघून त्यांनी एक हात किंचित वर केला, जरा थांब, अशा अर्थाने.

मी दारातच थांबलो. थोड्या वेळाने आवाज न करता दार ओढून घेतलं आणि दुकानाकडे निघालो.